कारणाचा रकाना

दापोडी आणि कासारवाडीच्या मधे, रेल्वेलाइनीला लागून एक पत्र्याची शेड होती. दारावरच्या पाटीवर विद्यापीठाचं नाव होतं आणि त्याखाली ‘सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा’. ती पाटी वाचून येणारे-जाणारे हसायचे. इथून समुद्र सव्वाशे किलोमीटरवर, आणि मधे अख्खा घाट. कोपऱ्यावरचा चहावाला मला रोज विचारायचा, “काय बाई, आला का समुद्र?” मीही रोज सांगायचे, “निघालाय, घाटात अडकलाय.” ते अगदीच खोटं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी अलिबागेहून दुधाचा एक जुना टँकर खारं पाणी भरून यायचा, आणि तो बहुतेक वेळा घाटातच बंद पडायचा.

साल १९७४. मी तिथे संशोधन सहायक होते. पिंपरीतल्या एका रंगाच्या कंपनीला जहाजांच्या बुडाला लावायचा रंग तयार करायचा होता, आणि त्यातलं विष कालवांना कितपत सोसतं हे विद्यापीठाकडून मोजून हवं होतं. शेड कंपनीनेच दिलेली. पण विष घालून बघण्याआधी, स्वच्छ पाण्यात, कुणी त्रास दिला नाही तर कालव किती वेळ उघडं राहतं आणि किती वेळ मिटलेलं, हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी. त्यावरच माझा प्रबंध होणार होता.

दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एक लांब टेबल होतं. त्यावर एकेका पावलाच्या अंतरावर काचेच्या सहा बरण्या, प्रत्येकीत एक कालव. खालचा शिंपला सिमेंटने बसवलेला, वरच्याला दोरा बांधलेला. सहाही दोरे कप्प्यांवरून एका ड्रमपाशी जायचे आणि तिथे एकेका बारीक सुईला जोडलेले असायचे. ड्रमवर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला. ड्रम फिरायचा आणि काळ्यावर सहा पांढऱ्या रेघा उमटत जायच्या. कालव उघडलं की रेघ वर, मिटलं की खाली. सावली पडली तरी कालव दचकून मिटतं, म्हणून बरण्यांवर काळ्या रंगाची खोकी झाकलेली होती. आत ना उजेड, ना सावली.

काजळी धरायचं काम भिवाचं. भिवा आमचा अटेंडंट, दापोडीचाच, चाळिशीचा उंच माणूस. घासलेटच्या ज्योतीवर तो कागद असा फिरवायचा की कुठे डाग नाही, कुठे विरळ नाही. मी स्वतः करून पाहिलं तेव्हा कागद जाळला आणि ओढणीही. भिवा कालवांना ‘मंडळी’ म्हणायचा. सकाळी मी आले की पहिला प्रश्न, “मंडळी उठली का बगा, बाई.” त्याच्यासारखा माणूस मला नंतर कुठल्याच प्रयोगशाळेत मिळाला नाही.

आणि एक नोंदवही होती. तारीख, वेळ, बरणी, किती सेकंद, आणि शेवटी ‘कारण’ असे पाच रकाने. आमचे विभागप्रमुख यशवंतराव दर शनिवारी पुण्याहून येऊन ती वाचायचे. त्यांचे दोन हट्ट होते. एकही रकाना मोकळा राहता कामा नये, आणि कुठेही ‘वरीलप्रमाणे’ लिहायचं नाही. रोजचं रोज पूर्ण लिहायचं.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सहाही कालवं एकदम मिटली आणि थोड्या वेळाने उघडली. भिवा तेव्हा टेबलाच्या कडेने झाडत होता. मी त्याच्यावर डाफरले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘भिवा’. दुसऱ्या दिवशी अकराला तेच. तो चहा घेऊन येत होता. लिहिलं, ‘भिवा’. तिसऱ्या दिवशी बाराला दहा कमी असताना पुन्हा. तेव्हापासून तो बिचारा चपला दाराबाहेर काढून वावरू लागला, आणि ती वेळ जवळ आली की काहीतरी निमित्त काढून शेडमागे निघून जाऊ लागला. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं समजलं.

आठव्या दिवशी भिवा घासलेट आणायला पिंपरीला गेला होता. मी एकटीच शेडमध्ये होते, खुर्चीवर, अगदी निश्चल. चार वाजता सहाही सुया खाली आल्या.

लाइनीवर गाडी नव्हती. कारखान्याचा भोंगा झाला नव्हता. मी पाच मिनिटं पेन हातात धरून बसले. शनिवारी मोकळा रकाना दिसला की यशवंतराव तासभर डोकं खाणार. मी ‘भिवा’ असंच लिहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर मी रीतसर शोध घेतला. वेळ रोज पन्नास मिनिटं पुढे सरकत होती, भरतीसारखी. संध्याकाळच्या पलीकडे गेली की दुसरी वेळ पहाटेकडून वर यायची. तेही भरतीसारखंच. पण अलिबागेच्या भरतीशी तिचा मेळ बसेना, मुंबईच्याही नाही. मी त्या वेळेपुरता ड्रम जलद फिरवू लागले, म्हणजे सेकंद मोजता येतील. तेव्हा दिसलं की कालवं एकदम मिटतच नव्हती. आधी दाराजवळचं पहिलं, दीड सेकंदाने दुसरं, मग तिसरं, अशी ओळीने. कुणीतरी सावकाश, एकेक पाऊल टाकत दारातून मागच्या भिंतीकडे जावं, तशी. पहिली पाच लगेच उघडायची. भिंतीजवळचं सहावं मात्र मिटलेलंच राहायचं, आधी वीस सेकंद, मग दर दिवशी थोडं जास्त.

मी दुसऱ्या आणि पाचव्या बरणीतली कालवं बदलून पाहिली. क्रम जागेचाच राहिला. शेडला कुलूप लावून बाहेर बसले. आत तेच झालं. भीती वाटली का? वाटली, पण तिच्यापेक्षा राग जास्त होता. मला न कळणारी गोष्ट माझ्याच टेबलावर रोज घडावी, हा मला अपमान वाटत होता. रकान्यात मात्र मी रोज तेच नाव लिहीत राहिले. हाताला सवय झाली होती. यशवंतराव म्हणाले, “नोंदी छान आहेत. त्या भिवाला जरा समज द्या.”

एप्रिलमध्ये एका सकाळी दारात भिवाची बायको उभी होती. कस्तुरा तिचं नाव. ती भोसरीला एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि शिफ्ट बुडवून आली होती.

“ताई, ह्यांचं जरा बगा,” ती म्हणाली. “घरी असले की म्या बगते. बसल्या जागचं उठत्यात. डोळं उघडं, पन आयकू येत न्हाई. सा पावलं जात्यात आन भिताडाला तोंड करून हुबं ऱ्हात्यात. श्वास घेत न्हाईत, ताई. म्या नाकाफुडं हात धरून बगितला.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“दावलं की. फिट म्हनला. फिट काय घड्याळ लावून येती व्हय? रोज तासाला थोडं कमी, येवढं फुडं सरकतंय.”

पन्नास मिनिटांची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

“तुमच्या वहीत रोज ह्यांचं नाव असतंय म्हनं,” ती म्हणाली. “झाडताना बगितलं ह्यांनी. तवापासनंच हाय ह्ये. तेवढं नाव काढा.”

“वहीत नाव लिहिल्याने कुणाला काही होत नसतं, कस्तुराबाई.”

“मग काढल्यानं बी काय हुनार न्हाई की.”

मी चिडले. नोंदवही म्हणजे काय गावचा फळा आहे का, कुणी यावं आणि पुसावं, असलं काहीतरी बोलले. ती ऐकून घेऊन शिफ्टच्या राहिलेल्या वेळेला निघून गेली.

त्या दिवशीची वेळ होती एक वाजून पाच मिनिटं. मी भिवाला शेडमागे जाऊ दिलं नाही. तो ज्योतीवर कागद फिरवत होता. एक वाजून पाच मिनिटांनी त्याचा हात थांबला. कागदाच्या कडेने जाळ धरला तरी त्याने तो सोडला नाही, मलाच ओढून घ्यावा लागला. मग तो उठला, दारापाशी गेला आणि टेबलाच्या कडेने चालू लागला. एकेका पावलाला ड्रमवरची एकेक सुई खाली येत गेली. सहाव्या बरणीपाशी तो भिंतीला तोंड करून उभा राहिला. त्याची छाती हलत नव्हती.

मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट दहा सेकंद.

मग सहावी सुई वर गेली आणि भिवाने पाण्यातून वर आल्यासारखा मोठ्याने श्वास घेतला. इकडेतिकडे बघून म्हणाला, “जळला वाटतं कागद. दुसरा करतो, बाई.”

मी नोंद करायला बसले आणि हाताने सवयीने ‘भिवा’ लिहिलंच. ते पाहिलं आणि मला स्वतःची किळस आली. चौतीस दिवस, चौतीस वेळा. मी पट्टी घेतली. आमच्याकडे खोडरबर चालत नसे. चूक झाली तर पट्टीने एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि ज्याने खोडलं त्याने तिथेच शेजारी सही करायची. मी चौतीस रेघा मारल्या आणि चौतीस वेळा सही केली, ‘सुमन’. हलकं वाटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी भिवाला चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी भिवाला काही झालं नाही.

मी दाराशी खुर्चीत बसून मागचे कागद लावत होते. दोनला पाच कमी होते. पुढच्या क्षणी मी मागच्या भिंतीशी उभी होते, छातीत आग पडली होती आणि भिवा माझे खांदे गदागदा हलवत ओरडत होता, “बाई, श्वास घ्या! घ्या श्वास!”

मधलं काहीही मला आठवत नाही. फक्त तोंडाला खारट चव होती.

उन्हाचं कारण झालं, रिकाम्या पोटाचं झालं. तिसऱ्या दिवशी मी रजा काढून चऱ्होलीला भावाकडे गेले. तिथे अंगणात शेंगा निवडताना पावणेतीनला मी उठले आणि सहा पावलं चालून गोठ्याच्या भिंतीशी उभी राहिले. वहिनीने तोंडावर पाणी मारलं. तिला वाटलं, दिवस गेलेत. चौथ्या दिवशी मी सगळी कालवं टँकरबरोबर अलिबागेला परत पाठवली. प्रबंध गेला खड्ड्यात. काही उपयोग झाला नाही. बरण्या रिकाम्या झाल्या, सुया थांबल्या, पण वेळ झाली की मी उठतच होते. आता सेकंद भिवा मोजायचा आणि कागदावर लिहून ठेवायचा. सव्वा मिनिट. एक मिनिट वीस. दिवसाला चार-पाच सेकंद वाढत होते. मी आलेख काढला. मला आलेख काढता येतो, त्याचा शेवट कुठे होतो तेही वाचता येतं.

शनिवारी यशवंतराव आले. भिवा चहाचे कप घेऊन दारात उभा होता.

“हे काय, सुमनताई? चौतीस खाडाखोडी? आणि कारण काय, तर ‘सुमन’?” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “या रकान्यात आता तुमचं नाव आहे, कळतंय का? आणा, मी खोडतो आणि सही करतो. विषय मिटेल.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं. एक रेघ, एक सही. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि ते स्वतःहून म्हणत होते. पासष्टीचा माणूस, दम्याचा.

मी वही ओढून घेतली. “राहू दे सर. मीच करते नीट.”

ते नाराज होऊन गेले. भिवाने कप उचलले. त्या दिवशी त्याने वहीकडे फार वेळ पाहिलं.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शेवटच्या दिवशी भिवाला मला दोन थोबाडीत माराव्या लागल्या, तेव्हा श्वास सुटला. ओठ निळे झाले होते म्हणाला. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, एक मिनिट पन्नास.

बुधवारी सकाळी मी आले तेव्हा वही टेबलावर उघडी होती.

माझ्या चौतीस सह्यांवर पट्टीने चौतीस रेघा मारलेल्या होत्या. सरळ, बारीक, खालचं वाचता येईल अशा. आणि प्रत्येक रेघेशेजारी मोठ्या, वाकड्या अक्षरात सही होती, ‘भिवा’. नियम त्याने मला बघूनच शिकून घेतला होता.

तो कोपऱ्यात ज्योत पेटवून कागदाला काजळी धरत होता. आता त्या कागदाचं काही काम नव्हतं.

“भिवा, हे काय केलंस?”

“तुमचा दम ल्हान हाय, बाई.” त्याने कागद फिरवायचा थांबवला नाही. “आमी नदीच्या डोहात बुड्या मारत मोठं झालो. माझं निभंल.”

“दोन मिनिटं होतील आज.”

“व्हय. म्या बी मोजलंय की.”

“कस्तुराला सांगितलंस?”

त्याने मान हलवली. नाही.

मी पट्टी घेतली. पेनचं टोपण काढलं. रकान्यात अजून एका नावाची जागा होती. पहिल्या ओळीवर पट्टी ठेवली आणि माझ्या तोंडात ती खारट चव आली. छातीतली ती आग आठवली. मला मरायचं नव्हतं. दुसरं काही कारण नाही. मी शिकलेली होते, तो अटेंडंट होता, असला हिशेबही तेव्हा मनात नव्हता. मला फक्त श्वास घ्यायचा होता.

मी पेनला टोपण लावलं. पट्टी खणात ठेवली.

भिवाने ते पाहिलं. त्याने ज्योत विझवली, हात फडक्याला पुसले आणि चपला दाराबाहेर काढून आला.

“टाइम किती झाला, बाई?”

“नऊ.”

“मग पाच मिनिटं हायेत,” तो म्हणाला आणि दारापाशी उभा राहिला.

मी घड्याळ हातात घेतलं. त्याने पहिलं पाऊल टाकलं, आणि मी मोजायला लागले.